चार नंबरची फ्रेम

फायरिंगचा सामना म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर रायफल खांद्याला लावून पालथा पडलेला जवान येतो. निकाल मात्र त्याच्यापासून ३०० मीटर लांब, जमिनीखालच्या खंदकात लागतो. त्या खंदकाला आम्ही बट म्हणायचो. तिथले मार्कर टार्गेटं वर-खाली करतात, भोकं मोजतात, खळ लावून त्यांवर कागदाच्या चकत्या चिकटवतात आणि स्कोअर बोलतात. पलटणीत या कामावर कोण जायचं? ज्याची फायरिंग कच्ची, जो कालच सुट्टीवरून परतलाय, नाहीतर ज्याला सकाळी हजेरीच्या फॉलइनला उशीर झाला, तो. ही चाल मी नोकरीभर पाहिली आणि नोकरीभर तिच्याविरुद्ध बोललो.

ज्या सामन्याबद्दल लिहितोय तो आमच्या पलटणीतला, कंपन्या-कंपन्यांमधला. इन्सास रायफली नुकत्या येऊ लागल्या होत्या, पण हा सामना जुन्या एसएलआर रायफलीवर होता. मी नायब सुभेदार, बटचा जेसीओ, म्हणजे तिथल्या कामाचा जबाबदार कनिष्ठ अधिकारी. रेंज गावापासून दूर, मुरमाच्या माळावर. चहूबाजूंनी मेंढपाळांची वहिवाट, त्यामुळे सकाळी लाल झेंडा चढवून पहारेकरी पोचले तरी टेकडीच्या अंगाने मेंढरांचं एखादं खांड हमखास वर यायचं आणि ते खाली उतरेपर्यंत फायर बंद. त्या दिवशीही पहिला तास असाच गेला.

एसएलआर हे हत्यार मला मनापासून आवडायचं. ७.६२ मिमीची गोळी, २० राउंडची मॅगझीन, इशापूरच्या सरकारी कारखान्याची बनावट. वजन साडेचार किलोच्या आसपास, पण ते वजनच हात स्थिर ठेवायचं. गॅस रेग्युलेटर, म्हणजे बारूदाच्या गॅसचा दाब कमी-जास्त करायची कळ, नीट लावलेला असला की खांद्याला धक्का एकसारखा बसतो. पक्के फायरर सामन्याच्या आदल्या रात्री रेग्युलेटर साफ करत बसायचे आणि सकाळी फोरसाईटचं, म्हणजे नळीच्या पुढच्या नेमकाट्याचं, टोक काजळीवर धरून काळं करायचे. उन्हात घासलेलं लोखंड चमकलं की टोक नेमकं कुठे संपतं तेच दिसत नाही आणि सगळा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, एका अंगाला सरकतो. अल्फा कंपनीचा एक लान्स नाईक या बाबतीत फार काटेकोर होता. चार नंबरच्या लेनवर त्या दिवशी तोच होता.

बटमध्ये बसलं की गोळी डोळ्यांना दिसत नाही, कानांनाच कळते. आधी डोक्यावरून आसूड ओढल्यासारखा कडाका, कारण गोळी आवाजापेक्षा वेगाने आलेली असते. साधारण अर्ध्या सेकंदाने मागून रायफलीचा जाड धप्प आवाज पोचतो. गोळी खाली पडली तर कडाक्यासोबत भस्स होतं आणि बांधावरचा मुरूम अंगावर उडतो. हा बांध म्हणजे मँटलेट, खंदकाच्या पुढचा मातीचा. त्याच्या माथ्यावर खडे नसलेली, चाळलेली माती हवी. कारण गोळी खड्यावर बसली तर खडे उडतात, टार्गेट फाडतात, कधी माणसालाही लागतात. आमच्या बांधावर सरळ मुरूम होता. मातीची मागणी दरवर्षी जायची आणि दरवर्षी ट्रॉली दुसऱ्या कामाला लागायची. रेंज म्हणजे वर्षातून काही दिवस वापरायची जागा, अशी समजूत असलेल्या लोकांच्या हाती तिची देखभाल होती.

खड्याचं भोक आणि गोळीचं भोक यांतला फरक ओळखायला नजर तयार व्हावी लागते. गोळी कागदातून जाताना आपल्या अंगावरची काजळी-वंगण पुसत जाते, त्यामुळे भोकाच्या कडेला राखाडी कडं उमटतं. खड्याला ते कडं नसतं. कड फाटकी असते आणि बोट फिरवलं की धूळ लागते. टप्पा खाऊन आलेली गोळी आडवी-तिरपी झालेली असते, तिचं भोक लांबट पडतं आणि काळपट एका अंगालाच जास्त दिसतं. आमच्या सामन्याच्या आदेशात टप्पा खाल्लेली गोळी धरायची नाही, असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

शेवटची प्रॅक्टिस, म्हणजे सामन्याची फेरी, फिगर ११ वर होती, म्हणजे चालून येणाऱ्या शत्रूचं पूर्ण उंचीचं चित्र. १० गोळ्या, दर गोळीला टार्गेट तीन सेकंद वर. अंगावर लागली तर दोन गुण, नाहीतर शून्य. अल्फा आणि चार्ली बरोबरीत आलेल्या. प्रत्येक लेनवर दुसऱ्या कंपनीचा मार्कर, हा नियम मी हट्टाने पाळायला लावायचो. म्हणून अल्फाच्या लान्स नाईकचं टार्गेट चार्लीचा एक शिपाई ओढत होता. पोरगा माणदेशातला, भरती होऊन दोनच वर्षं झालेली.

नऊ गोळ्या छातीवर, सगळ्या हाताच्या पंजाखाली झाकतील अशा. दहाव्या वेळी कडाका झाला, भस्स झालं आणि आमच्या हेल्मेटांवर मुरूम पडला. टार्गेट खाली आलं तेव्हा छातीच्या वर, खांद्याजवळ दहावं भोक होतं. त्याच क्षणी फील्ड टेलिफोन वाजला. फायरिंग पॉइंटवरून निरोप होता, चार नंबरचा फायरर म्हणतोय की शेवटच्या वेळी टार्गेट अर्धंच वर आलं.

असं सगळेच म्हणतात. चुकलेल्या फायररच्या तक्रारी मी आयुष्यभर ऐकल्या. म्हणून आधी भोक बघितलं. लांबी रुंदीच्या जवळजवळ दुप्पट, एका अंगाला राखाडी. म्हणजे गोळीच, पण बांधाला घासून आलेली. आदेशाप्रमाणे शून्य. सामना चार्लीचा.

तेवढ्यात तो पोरगा म्हणाला, "साब, फ्रेम वर जाताना आडकली व्हती. म्या दोन हिसके दिले, तवर टाइम संपला."

त्याने तोंड बंद ठेवलं असतं तर त्याचीच कंपनी जिंकत होती. त्याला ते पुरतं कळत होतं. शेजारच्या लेनवरचा त्याचाच सोबती त्याच्याकडे डोळे वटारून बघत होता.

मी फ्रेम काढायला लावली. लाकडी फ्रेम दोन्ही बाजूंच्या लोखंडी चॅनलमधून सरकते. डाव्या चॅनलमध्ये हरभऱ्याएवढा मुरमाचा खडा बसलेला होता, अर्धा चुरा झालेला, आणि फ्रेमच्या पट्टीवर ताजी ओरखड. सकाळी फायर सुरू व्हायच्या आधी प्रत्येक चॅनलमधून मी स्वतः हात फिरवला होता. तेव्हा तो तिथे नव्हता.

फ्रेम अर्ध्यात अडकली तर दहावी गोळी खाली का गेली, याचा उलगडा होतो. फायररचा नेम छातीवर बांधलेला असतो. समोर फक्त डोकं-खांदे दिसले की छाती बांधाच्या आड जाते, आणि दिसणाऱ्या भागाच्या मधोमध नेम धरताना टोक बांधाच्या माथ्याला येऊन भिडतं. छातीवर नऊ एका जागी लावणारा माणूस एकाएकी एवढा खाली मारत नाही.

सामन्याचे मेजर साहेब चालत बटपर्यंत आले. सोबत दोन्ही कंपन्यांचे सीनियर जेसीओ. चार्लीचे साब तापलेले. साहेबांनी मला एवढंच विचारलं, "साब, आपका क्या कहना है?" मी म्हणालो, "सर, एक राउंड री-फायर." त्यांनी पोराला समोर बोलावून विचारलं, तेव्हा त्याने तेच वाक्य हिंदीत सांगितलं, एक शब्द कमी-जास्त न करता.

चॅनल पुसले, फ्रेम रिकामी वर-खाली करून बघितली, ओढायला तिसऱ्याच कंपनीचा माणूस दिला. रेंजवर एकच फायरर, एकच राउंड. ऊन चढून माळावरून वाफ उठायला लागली होती, म्हणजे चित्र हलताना दिसणार. टार्गेट वर गेलं, तीन सेकंदांत कडाका झाला आणि खाली आलेल्या कागदावर छातीच्या डाव्या अंगाला स्वच्छ गोल भोक होतं. अल्फा एका गुणाने जिंकली.

लान्स नाईकला खांद्यावर घेऊन नाचले. माणदेशच्या पोराशी त्या रात्री लंगरमध्ये कोणी बोललं नाही. पुढे कित्येक महिने चार्लीत त्याला 'अल्फाचा मार्कर' म्हणायचे, आणि अल्फातल्या काहींनी उलटी आवई उठवली की फ्रेम त्यानेच मुद्दाम अडकवली आणि मग घाबरून कबूल केलं. मी त्याच्या कंपनी कमांडरला भेटून सांगितलं की या जवानाला शाबासकी द्या, सगळ्यांसमोर द्या. त्यांनी मान डोलावली. शाबासकी काही दिली नाही. खरं बोललेल्या शिपायामागे त्याचा अधिकारी उभा राहिला नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पण लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने. चार्लीचे ते जेसीओ आता माझ्यासारखेच पेन्शनवर आहेत. पलटणीच्या रेझिंग डेला, म्हणजे स्थापना दिनाला, भेटतात आणि दरवेळी तोच मुद्दा काढतात. म्हणतात, दहाव्या गोळीनेच बांधावरचा मुरूम उडाला ना? मग त्यातलाच खडा चॅनलमध्ये पडला. फ्रेम खाली येताना तो चिरडला, ओरखड तेव्हाची. म्हणजे टार्गेट पूर्ण वर होतं आणि तुमच्या फायररने ट्रिगर हिसक्याने ओढून गोळी खाली मारली.

खड्यावरून हे खोडून काढता येत नाही. मी त्यावर खूप डोकं चालवलंय. ओरखड वर जातानाची की खाली येतानाची, ते लाकडावरून सांगता येत नव्हतं. आधीच्या डीटेलमध्येही, म्हणजे आधी फायर केलेल्या तुकडीच्या वेळीही, दोन-तीन गोळ्या बांधावर बसल्या होत्या, तेव्हाचाही खडा असू शकतो. डीटेलमागून डीटेल येत असताना मध्ये चॅनल तपासायला वेळ दिलेला नव्हता. त्यामुळे खडा साक्ष देत नाही. फायररची तक्रार त्याच्या फायद्याची, म्हणून तीही बाजूला. उरतो त्या पोराचा शब्द, आणि तो त्याच्या तोट्याचा होता. मी त्यावर निर्णय दिला. आज पुन्हा तिथे उभा केलात तरी तोच देईन.

मागच्या खेपेला मी त्यांना विचारलं, "साब, तुमच्याच कंपनीचा पोरगा तुमच्याच विरुद्ध खोटं कशाला बोलेल?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "खोटं नसेल बोलला. दोन वर्षांचा शिपाई, अंगावर मुरूम पडला, घाबरला. दोरी खालीच ओढत होता, त्याला वाटलं वर ओढतोय."

तसं होऊ शकतं. मी बटमध्ये होतो, पण त्या तीन सेकंदांत माझी नजर सहा नंबरवर होती.