आयएसओ इमेजमध्ये शिरलेली लायब्ररी

शाळांच्या संगणक कक्षांसाठी डेबियन या लिनक्स प्रणालीवर बेतलेली एक आयएसओ इमेज, म्हणजे अख्खी प्रणाली एकाच फाइलमध्ये, माझ्याकडे शेवटच्या तपासणीला आली होती. डाउनलोड सगळ्यांना खुलं, एक मिरर, म्हणजे तीच फाइल देणारा दुसरा सर्व्हर, अमेरिकेत. पॅकेजांची यादी चाळताना ‘लिबडीव्हीडीसीएसएस२’ दिसलं आणि मी रिलीज थांबवलं.

व्यावसायिक डीव्हीडीवरचा मजकूर सांकेतिक करून ठेवणारं सीएसएस नावाचं कुलूप ही लायब्ररी उघडते. लायसन्स जीपीएल हे मुक्त सॉफ्टवेअरचं, सोर्स कोड व्हिडिओलॅन या प्रकल्पाकडे खुला. तरीही डेबियनच्या भांडारात ती नाही. भांडाराच्या ‘मेन’ या मुख्य विभागात आहे लिबडीव्हीडीरीड, प्लेअर चालू होताना सीएसएसवाली लायब्ररी यंत्रात सापडली तर ती जोडून घेते, नाहीतर बिनकुलपाच्या डिस्क तेवढ्या वाचते. ‘कॉन्ट्रिब’ या जोड विभागात लिबडीव्हीडी-पीकेजी हे पॅकेज आहे, पण त्यात लायब्ररी नसते. ते सोर्स वापरणाऱ्याच्याच यंत्रावर उतरवतं, तिथेच बिल्ड करून, म्हणजे त्यापासून चालणारी फाइल (बायनरी) बांधून, बसवतं. तयार बायनरी डेबियन कुणालाच देत नाही.

इथे इमेज बांधणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, क्रूटच्या (इमेजमध्ये जाणारी प्रणाली जिथे वेगळी रचली जाते त्या फोल्डरच्या) आत, ‘डीपीकेजी-रिकॉन्फिगर लिबडीव्हीडी-पीकेजी’ ही बिल्ड सुरू करणारी ओळ होती. जे शाळेच्या यंत्रावर व्हायचं ते बिल्ड सर्व्हरवरच उरकलं, आणि इमेज प्रसिद्ध होताच बायनरी वाटणारे आम्ही ठरलो असतो.

अमेरिकेत १९९८च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याचं कलम १२०१ असं साधन लोकांना पुरवण्यालाच मनाई करतं. हेच कुलूप उघडणाऱ्या डीसीएसएस या प्रोग्रामच्या खटल्यात २००० साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्या कोडच्या लिंक देण्यावरही बंदी घातली, आणि २००१ साली अपिलात ती कायम राहिली. भारतात कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ हक्कभंगाचा हेतू पाहतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. कायद्याने न रोखलेल्या कामासाठी सूट आहे, पण दुसऱ्याला कुलूप उघडायला मदत करणाऱ्याने त्या दुसऱ्याचं नाव, पत्ता आणि उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवायची असते. खुल्या डाउनलोडवर ही नोंद कोण आणि कशी ठेवणार? मला सगळ्यात जास्त काळजी या अटीची वाटते, कारण ‘आमचा हेतू शुद्ध आहे’ म्हणणारे ती वाचतच नाहीत.

विकत घेतलेली डीव्हीडी लिनक्सवर दिसावी ही शाळांची मागणी मात्र रास्तच आहे. म्हणून पॅकेज ठेवलं, पण स्क्रिप्टमधली ती ओळ काढली, डेबकॉन्फमध्ये (पॅकेज बसवताना प्रश्न विचारणाऱ्या सोयीत) बिल्डच्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर आधीच भरून ठेवलं आणि इमेज कोऱ्या क्रूटपासून पुन्हा बांधली. जुन्या इमेजमधून नुसतं पॅकेज काढून भागत नाही. ‘यूएसआर/एसआरसी/लिबडीव्हीडी-पीकेजी’ या फोल्डरमध्ये उतरवलेला सोर्स आणि बांधलेली डेब फाइल (डेबियनचं तयार पॅकेज) मागे राहू शकते. बिल्डला इंटरनेट लागतं, हे शाळांना स्पष्ट कळवलं. नेट नसलेल्या कक्षात ते सोर्स उतरवतानाच अडकतं.

इमेजमधली स्क्वॉशएफएस ही दाबून ठेवलेली फाइल-प्रणाली उघडून ‘डीव्हीडीसीएसएस’ नावाची एकही फाइल नाही हे पाहिलं. मग दोन डिस्क लावल्या. कोऱ्या इमेजवर शाळेने स्वतः चित्रित केलेली चालली, बाजारातली अडकली. तेच अपेक्षित होतं. रिकॉन्फिगर करून ‘हो’ म्हटल्यावर दुसरीही सुरू झाली, तेव्हा रिलीजला होकार दिला.