मार्गेरिटा हटमधला 'साधा' खोकला

इटली-स्वित्झर्लंड सीमेवरच्या मोंटे रोझा पर्वताच्या सिग्नलकुप्पे शिखरावर, ४,५५४ मीटरवर, तांब्याच्या पत्र्याने मढवलेली मार्गेरिटा हट ही युरोपातली सगळ्यात उंचावरची इमारत. विरळ हवेत शरीराचं काय होतं, हे तपासणाऱ्या वैद्यकीय पथकात मी तिथे काम करत होते. बर्फ वितळवल्याशिवाय तिथे पाणी नाही, आणि रक्तातला ऑक्सिजन ७८ टक्के दिसला तर आम्ही 'ठीक' असं लिहून पुढे सरकतो.

त्या रात्री जेवणं उरकल्यावर एक गाईड बोलवायला आला. त्याच्याबरोबरच्या पन्नाशीच्या धडधाकट गृहस्थांना खोकला झाला होता. "सर्दी आहे, झोपेची गोळी द्या, सकाळपर्यंत बरे होतील." पण गृहस्थ झोपलेच नव्हते. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून भिंतीला टेकून बसले होते. ऑक्सिजन ५८. उजव्या छातीत करकर. सोनोग्राफीचा प्रोब बरगड्यांच्या मधोमध टेकवला, तर पडद्यावर वरून खालपर्यंत पांढऱ्या उभ्या रेघा, श्वासागणिक सरकणाऱ्या. निरोगी फुप्फुसात अशी एखाददुसरी दिसते. इथे मोजायलाही फट नव्हती. उंचीमुळे फुप्फुसात पाणी झालं होतं.

झोपेची गोळी दिली असती तर श्वास आणखी मंदावला असता.

ही चूक या डोंगरांत जुनी आहे. १८९१ मध्ये माँ ब्लाँवरच्या व्हालोच्या निवाऱ्यात डॉ. जाकोते नावाचा तरुण डॉक्टर असाच गेला. स्वतःवर उंचीचा परिणाम बघायचा म्हणून तो खाली उतरला नव्हता. लोक न्यूमोनिया म्हणाले. १८९३ मध्ये मार्गेरिटा उभी राहिली, इटलीची राणी मार्गेरिटा स्वतः चढून येऊन तिथे एक रात्र राहिली. पुढच्याच वर्षी इटालियन शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो सैनिकांना घेऊन प्रयोग करायला आले. तरी हा न्यूमोनिया नव्हे, हे वैद्यकाच्या गळी उतरायला १९६० उजाडावं लागलं. १९८० मध्ये इमारत नव्याने बांधली. गाईडांच्या तोंडी मात्र अजून 'सर्दी'च आहे, आणि याचा मला राग येतो.

त्या गृहस्थांना रात्रभर ऑक्सिजन, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब उतरवणारं निफेडिपिन, आणि बसतं ठेवणं. खरं औषध म्हणजे खाली उतरणं, पण अंधारात आणि ढगात हेलिकॉप्टर येत नाही. पहाटे ऑक्सिजन ८१ वर आला. आठच्या सुमारास ढग फाटले आणि ते खाली गेले.

ते वर आले होते ते असे: केबल कारने ३,२७५ मीटर, न्यिफेटी हटमध्ये एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी थेट शिखर. पायांनी चढलो नाही ती उंची शरीर मोजतच नाही, असा लोकांचा समज असतो.

पुढे त्यांचं पत्र आलं: पुन्हा येऊ का? याचं उत्तर ह्याच हटमध्ये मिळालेलं आहे. १९९१ च्या अभ्यासात, आधी हा त्रास झालेल्या ज्या ११ जणांना नुसती साखरेची गोळी दिली होती, त्यांतल्या ७ जणांच्या फुप्फुसात पुन्हा पाणी झालं. निफेडिपिन घेतलेल्या १० जणांत फक्त एकाच्या. मी त्यांना फक्त सातचा आकडा कळवला आणि लिहिलं, वाटेत आणखी तीन-चार मुक्काम करा. दुसरा आकडा कळवला असता तर ते गोळी खिशात टाकून तसेच दोन दिवसांत वर आले असते, याची मला खात्री होती. पण औषध आहे हे रुग्णापासून लपवायचा अधिकार मला होता का, यावर पथकातल्या सहकाऱ्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही.