स्टेटस ठेवलं होतं की

मागच्या मे महिन्यात काका गेले, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, निफाड तालुक्यात राहायचे, आणि मला ते कळलं चौथ्या दिवशी. ते पण शाळेतल्या एका मैत्रिणीचा "खूप वाईट झालं गं" असा मेसेज आला म्हणून. काय झालं हेच कळेना, मावशीच्या जुन्या नंबरवर फोन लावला तर मावसभावाने उचलला, आवाज बसलेला, म्हणाला, "ताई, मी त्याच रात्री स्टेटस ठेवलं होतं की, मला वाटलं तू बघितलं असशील."

मला काही बोलताच आलं नाही. त्याने मध्यंतरी सिम बदललं होतं, नवा नंबर माझ्याकडे सेव्ह नव्हता, आणि व्हॉट्सॲपवर दोघांकडे एकमेकांचा नंबर सेव्ह असेल तरच स्टेटस दिसतं, आणि २४ तासांनी ते निघूनही जातं. त्याच्यावर मी अजिबात चिडले नाही, वडील समोर ठेवलेले असताना पोराने कुणाकुणाला फोन करायचे? फोटो, अंत्यविधीची वेळ, अमरधाम, एवढं त्याने टाकलं आणि गावातले, कांद्याच्या मार्केटमधले, नात्यातले सगळे वेळेवर आले. मी सोडून.

आता आमच्याकडे सगळंच स्टेटसवर असतं. बारसं, वास्तुशांत, मुलीचा दहावीचा निकाल, लासलगावचा आजचा भाव, ट्रॅक्टर घेतला त्याचा हार घातलेला फोटो. चौकातल्या फ्लेक्सचं काम फोनवर आलंय. व्हॉट्सॲप सुरू झालं तेच मुळी यासाठी, २००९ मध्ये नावापुढे 'फोनवर आहे', 'बॅटरी संपत आलीये' असं काहीतरी दिसावं म्हणून, एकमेकांना मेसेज पाठवायचं नंतर आलं. हे २४ तासांचं फोटोवालं स्टेटस आलं फेब्रुवारी २०१७ ला.

आणि थोडक्यात लिहिण्याला माझा विरोध नाही हां. ट्विटरने १४० अक्षरांची मर्यादा घातली ती एसएमएसच्या १६० अक्षरांत बसावं म्हणून, वरची २० नावासाठी ठेवली, पण आपली जुनी पोस्टकार्डं बघा ना, सा.न.वि.वि. म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, चार अक्षरांत उरकायचे आणि उरलेली जागा घरच्या खबरबातीला. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कोरोनात तर पेशंटचं वय, ऑक्सिजन किती, कुठल्या भागात बेड हवाय आणि एक नंबर, एवढ्या दोन ओळींवर अनोळखी माणसांनी एकमेकांसाठी रात्र रात्र जागून फोन केलेत. तिथे सगळ्यांना एकदम दिसणं हेच महत्त्वाचं होतं, एकेकाला फोन करत बसायला वेळच नव्हता.

पण काका गेल्याची बातमी तशी नव्हती ना. माझी आई होती तेव्हा आमच्या लँडलाइनशेजारी एक वही असायची, कोपरे दुमडलेली, त्यात सगळ्यांचे नंबर. कुणी गेलं की आई ती वही घेऊन बसायची आणि फोन करायची, आणि प्रत्येकाला वेगळं सांगायची, हे मी स्वतः बघितलंय. थोरल्या मामांना सरळ सांगायची. नाशिकच्या आत्याला बीपी, म्हणून तिला आधी "तब्येत जास्त झालीये, घरात कोण आहे तुझ्याजवळ?" असं विचारायची, मग तिच्या सुनेला फोन द्यायला लावून खरं काय ते तिला सांगायची. कुणाला आधी, कुणाला शेवटी, कुणाला रात्री सांगायचंच नाही, झोपू दे बिचारीला, सकाळी सांगू, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. स्टेटसमध्ये हे कसं येणार, तिथे बीपीवाली आत्या, सख्खा भाऊ आणि खताचा दुकानदार सगळ्यांना एकच फोटो एकाच वेळी. आणि आई गेल्यापासून त्या बाजूची बातमी माझ्यापर्यंत पोचवणारं कुणी उरलंच नव्हतं, हे मला त्या चौथ्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

पाचव्या दिवशी गेले. मावशी पडवीत बसली होती, मला बघून रडली नाही, आधी विचारलं जेवलीस का. मग संध्याकाळी दोघीच होतो तेव्हा सांगत बसली, की त्या दिवशी दुपारी काकांनी चहा दोनदा मागितला, एरवी एकदाच घेतात, आणि कांदाचाळीतला कांदा खराब व्हायला लागलाय का बघून ये म्हणून पोराला पाठवलं, आणि तो परत येईपर्यंत... तिथे थांबली. परत पहिल्यापासून सुरू केलं, चहापासून. तासभर ती तेच तेच सांगत होती आणि दर वेळी एखादी नवी गोष्ट त्यात यायची, कप कुठला होता, पंखा चालू होता की लाइट गेली होती.

पुण्याला परत आल्यावर मी एक वही आणलीये. मावसभावाचा नवा नंबर पहिल्या पानावर, त्याखाली मावशीचा, आणि आत्याच्या नंबरसमोर कंसात बीपी असं लिहिलंय.