लंडनच्या नळाचं पाणी आणि घरची पेल एल

लंडनचं पाणी जड आहे हे किटलीच्या बुडाचा पांढरा थरच सांगतो. थेम्स आणि ली या नद्यांच्या खोऱ्यांखाली चुनखडीचा खडक आहे, त्याचा हा प्रसाद. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्याच जातीचं पाणी. घरी पेल एल, म्हणजे फिकट रंगाची हॉप्सदार बिअर, करताना मात्र जडपणाच्या आकड्याला घाबरू नका. कॅल्शियम हवंच असतं. घात करतं ते सोबतचं बायकार्बोनेट, म्हणजे अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल जिरवायची ताकद). ती मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या धान्याचा) पीएच वर ढकलते, मग माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, सालीतला तुरटपणा उतरतो आणि हॉप्सचा (बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा घशाला खरखरीत लागतो.

पाणी कंपनीच्या साइटवर पोस्टकोड टाकला की अहवाल मिळतो, पण त्यात अल्कलिनिटी बऱ्याचदा नसते. मत्स्यालयाच्या दुकानातलं केएच किट, म्हणजे अल्कलिनिटी मोजायचं किट, घ्या. नळीत ५ मिली पाणी, त्यात एकेक थेंब टाकून हलवायचं. निळा रंग पिवळा होईपर्यंतचे थेंब मोजून १८ ने गुणायचे. १३ थेंब लागले तर अल्कलिनिटी साधारण २३५ मिलिग्रॅम प्रतिलिटर (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). विकतच्या पाण्याच्या बाटलीवर बायकार्बोनेट लिहिलेलं असेल तर अल्कलिनिटीसाठी त्याला ०.८२ ने गुणा.

पेल एलसाठी हा आकडा ४०-५० वर आणायचा. निव्वळ नळाच्या पाण्याला दर १० लिटरमागे ८० टक्क्यांचं लॅक्टिक ॲसिड सुमारे ३.५ मिली लागतं, आणि एवढं घातलं की आंबट चव डोकावू शकते. त्यापेक्षा निम्मं पाणी सुपरमार्केटमधलं, कमी खनिजांचं घ्या, ॲसिड १.५ मिलीवर भागतं. मॅशनंतर धान्यात उरलेली साखर धुऊन काढायच्या पाण्यालाही हेच, ते विसरलं की तुरटपणा मागच्या दारानं येतो. दर १० लिटरमागे २ ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) सरळ मॅशमध्ये टाका: कॅल्शियम ४६ आणि सल्फेट ११२ मिलिग्रॅम प्रतिलिटर वाढतं. पंधरा मिनिटांनी चमचाभर मॅश गार करून पीएच बघा, ५.२ ते ५.५ हवा.

नळाच्या पाण्यातलं जंतुनाशक क्लोरामाइन उकळून सहजी जात नाही. राहिलं तर बिअरला बँडेजचा वास येतो. २० लिटरला पाव कॅम्पडेन गोळी (मेटाबायसल्फाइटची, बिअर-वाइनच्या सामानात मिळते) कुटून टाकली की काम झालं.

घरातल्या सॉफ्टनरचं (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राचं) पाणी नकोच: कॅल्शियम जाऊन सोडियम येतं, अल्कलिनिटी तिथेच. आणि पोर्टर, म्हणजे भाजलेल्या माल्टची काळपट बिअर, करणार असाल तर आधी ॲसिड घालू नका. भाजलेलं माल्ट मुळात आम्लधर्मी, ते बरीचशी अल्कलिनिटी स्वतःच खातं. अठराव्या शतकात हे शहर पोर्टरसाठी गाजलं त्यात या पाण्याचाही हात होता.