वाघीण पाण्यात बसलीय आणि बछडे खेळतायत, हे इंग्रजीत सांगताना

जंगलात एका वेळी एकच गोष्ट कधी घडत नाही. वानरं झाडावर पाला ओरबाडत असतात, तेव्हा खाली पडलेला पाला चितळं खात असतात. वाघीण पाण्यात बसलेली असते आणि काठावर बछडे एकमेकांची शेपटी धरायला धावत असतात. ताडोब्यात गाइडचं काम करताना हे सगळं पाहुण्यांना त्याच क्षणी सांगावं लागतं, आणि पाहुणे बंगालचे, दक्षिणेकडचे किंवा परदेशी असले की इंग्रजीतच सांगावं लागतं.

माझं गाव बफरमधलं, म्हणजे राखीव जंगलाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातलं. शिक्षण बारावी, मराठी माध्यम. प्राण्यांची, पक्ष्यांची, झाडांची इंग्रजी नावं प्रशिक्षणात पाठ झालेली होती, त्यामुळे शब्द अडत नव्हते. अडत होती ती जोडणी. ‘टायग्रेस सिटिंग. कब्ज प्लेइंग.’ असं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं तरी पाहुण्यांना कळायचं, कारण समोर दिसतच असायचं. पण वानर आणि चितळाची सोबत अशी सांगताच येत नाही. एक वर पाला पाडतो म्हणून दुसऱ्याला खायला मिळतं, आणि वानराला वरून वाघ दिसला की त्याच्या ओरडण्यानं चितळ सावध होतं. तिथं ‘तेव्हा’ काढून टाकला तर गोष्टच उरत नाही.

1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, पर्यटकांसाठी बंद असतो. त्या काळात रोवणीची कामं आटोपली की संध्याकाळी गावातल्या एका निवृत्त सरांच्या अंगणात जाऊन बसायचो. सरांनी आयुष्यभर हायस्कूलला इंग्रजी शिकवलेलं. मी म्हटलं, ‘‘सर, मला व्याकरण नको, दोन वाक्यं जोडायला शिकवा.’’ सर म्हणाले, ‘‘अरे गड्या, तेच तर व्याकरण आहे. घाई काहून करतोस?’’

पहिल्याच दिवशी त्यांनी जे सांगितलं, ते मला आजही सगळ्यात मोलाचं वाटतं. मराठीत जोड क्रियापदाच्या शेवटी लागतो: पिताना, खेळत असताना, चालता चालता, न बोलता. म्हणजे ‘वाघीण पाणी पीत’ इथपर्यंत बोलून झाल्यावरही आपल्याला ठरवायला वेळ असतो. ‘आहे’ म्हणून वाक्य संपवता येतं, ‘असताना’ म्हणून पुढे नेता येतं. इंग्रजीत, जे आधी सांगायचं त्यालाच जोडशब्द लावायचा असेल, तर तो त्या वाक्याच्या तोंडाशीच येतो. ‘व्हाइल’ म्हणायचं की ‘व्हेन’ की ‘अ‍ॅज’, हे तोंड उघडण्याआधी ठरलेलं पाहिजे. दोन घटनांचं नातं आधी ओळखायचं, मग बोलायचं. इंग्रजी बोलताना आपण सुरुवातीलाच अडखळतो त्याचं एक कारण हेही असावं, असं माझं मत आहे.

नातं ओळखायला सरांनी काडीनं मातीत आकृत्या काढल्या. लांब चालणारी क्रिया म्हणजे आडवी रेघ. क्षणात होऊन जाणारी क्रिया म्हणजे ठिपका. चितळं चरत होती, ही रेघ. वानर ओरडलं, हा ठिपका. मग तीच घटना दोन्हीकडून बांधायला लावली. रेघेपासून सुरुवात केली तर ‘व्हाइल’: ‘व्हाइल द चितल वर ग्रेझिंग, अ लंगूर कॉल्ड.’ ठिपक्यापासून केली तर ‘व्हेन’: ‘व्हेन द लंगूर कॉल्ड, द चितल वर ग्रेझिंग.’ रेघेवर ‘व्हेन’ चालतोच, पण ठिपक्यावर ‘व्हाइल’ चालत नाही. दोन्ही रेघा असतील तर ‘व्हाइल’ लावून दोन्हीकडे चालू काळ: ‘व्हाइल द टायग्रेस वॉज रेस्टिंग, द कब्ज वर प्लेइंग.’ आणि रोजची सवय सांगायची तर साधा वर्तमानकाळ पुरतो: ‘व्हाइल लंगूर्स फीड इन द ट्री, चितल ईट द लीव्ह्ज दॅट फॉल.’ हे वाक्य मी इतकं घोटलं की मोहाच्या झाडाखाली गाडी थांबली की आपोआप तोंडात येतं.

‘अ‍ॅज’ला मात्र वेळ लागला, कारण तो एकटा बरीच कामं करतो. सरांनी दोन तिरप्या रेघा काढल्या, बरोबरीनं वर जाणाऱ्या. एक बदलते तशी दुसरी बदलते, आपलं ‘जसजसं-तसतसं’: ‘अ‍ॅज इट गेट्स हॉटर, द अ‍ॅनिमल्स मूव्ह टू द वॉटर.’ चंद्रपूरचा मे महिना, पारा 45 अंशांच्या पुढे. त्यामुळे हे वाक्य पाहुण्यांना लगेच पटतं. पण ‘अ‍ॅज इट इज हॉट, टायगर्स सिट इन वॉटर’ म्हटलं की तोच ‘अ‍ॅज’ कारण सांगतो. ‘व्हाइल’चंही तसंच. ‘द मेल इज हेवी व्हाइल द फीमेल इज लाइटर’ यात वेळेचा संबंध नाही, तो आपला ‘तर’ आहे: नर वजनदार, तर मादी हलकी.

सगळ्यात जास्त संध्याकाळी गेल्या त्या ‘-इंग’वर. मराठीतल्या ‘-ताना’ला दोन वेगळे कर्ते चालतात. ‘आम्ही वळण घेताना वाघीण रस्ता ओलांडत होती’ यात कोणाचाही गोंधळ होत नाही. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला नुसतं ‘-इंग’ ठेवलं तर ते पुढे येणाऱ्या कर्त्याला जाऊन चिकटतं. सरांनी वहीत लिहून दिलं: ‘क्रॉसिंग द रोड, वी सॉ द टायग्रेस.’ विचारलं, ‘‘रस्ता कोण ओलांडतंय?’’ वाक्याप्रमाणे आम्ही, म्हणजे पाहुणे! कोअरमध्ये गाडीतून खाली पाय टेकवायला परवानगी नाही, आणि हे वाक्य सगळ्यांना पायी रस्ता ओलांडायला लावतं. तेच शब्द शेवटी नेले की अर्थ जागेवर येतो: ‘वी सॉ द टायग्रेस क्रॉसिंग द रोड.’ आता ओलांडणारी वाघीण. एकही शब्द वाढला नाही, फक्त जागा बदलली. त्या दिवसापासून मी नियम केला: कर्ते दोन असतील तर ‘व्हाइल’ किंवा ‘अ‍ॅज’ घ्यायचा आणि कर्ता स्वतंत्र सांगायचा. कर्ता एकच असेल तरच सुरुवातीला ‘-इंग’.

‘-ऊन’चा प्रश्न मी स्वतःहून काढला. ‘चितळ मारून वाघ नाल्यात गेला’ यात आधी मारणं, मग जाणं. पण ‘चितळ तोंडात धरून वाघ नाल्यात गेला’ यात धरणं आणि जाणं एकाच वेळी. मराठी दोन्हीला ‘-ऊन’ लावते. सर खूश झाले. पहिल्याला ‘हॅविंग किल्ड अ चितल’ किंवा सरळ ‘आफ्टर किलिंग’, दुसऱ्याला ‘विथ अ चितल इन इट्स माउथ’. हा ‘विथ’ माझा आवडता झाला. क्रियापदाचा काळ सांभाळायची भानगड नाही आणि चित्र पूर्ण उभं राहतं: ‘शी इज वॉकिंग विथ हर कब्ज बिहाइंड हर.’

बाकीचं लवकर बसलं. ‘ड्युरिंग’पुढे नाम, ‘व्हाइल’पुढे वाक्य: ‘ड्युरिंग द सफारी’, पण ‘व्हाइल वी आर ऑन सफारी’. ‘न करता’साठी ‘विदाउट’ आणि ‘-इंग’. पुढे घडणारी गोष्ट असली तरी ‘जेव्हा’च्या अर्थाच्या ‘व्हेन’पुढे ‘विल’ येत नाही. आपण ‘ती बाहेर येईल तेव्हा’ म्हणतो, इंग्रजी ‘व्हेन शी कम्स आउट’ म्हणते. गाइडला हे रोज लागतं, कारण आमच्या अर्ध्या सूचना अशाच असतात: ‘व्हेन शी कम्स आउट, प्लीज स्टे सीटेड.’ ‘डोन्ट स्टँड अप व्हाइल द जिप्सी इज मूव्हिंग.’ ‘वॉच विदाउट टॉकिंग.’

1 ऑक्टोबरला गेट उघडलं तेव्हा खिशात वाक्यांचा एक कागद होता. कोअरमध्ये मोबाइल वापरता येत नाही, म्हणजे आत गेल्यावर भाषांतराचं अ‍ॅप विसरायचं; जे डोक्यात आहे तेच कामाला येतं. पहिल्या काही फेऱ्यांत मी मुद्दाम ‘व्हाइल’ आणि ‘विथ’ हे दोनच वापरले. नवीन गाइड पोरांनाही मी तेच सांगतो. आधी हे दोन पक्के करा, ‘अ‍ॅज’ नंतर, आणि सुरुवातीचं ‘-इंग’ सगळ्यात शेवटी.

बारावीच्या परीक्षेला ‘नो सूनर-दॅन’ची वाक्यं बदलून लिहायचो, ती काही गाडीत कामी आली नाहीत. झाडीतून अस्वल निघतं न निघतं तोच वळतं, तेव्हा एवढं लांब वाक्य बांधायला सवड नसते. तिथं ‘जस्ट अ‍ॅज’ पुरतो: ‘जस्ट अ‍ॅज वी स्टॉप्ड, द बेअर टर्न्ड बॅक.’