बरणीतले तीन चिंचोके

अमृतमहोत्सव समितीचं पत्र आलं तेव्हा मी डेपोत कंट्रोलच्या खिडकीत बसलो होतो. ‘आपल्या आठवणी पाचशे शब्दांत पाठवाव्यात’ असं त्यात होतं. पाचशे शब्दांत आपली शाळा एक वेळ मावेल, बाई मावायच्या नाहीत. समितीने आधीच माफ करावं. नळ्यांचं छप्पर, जांभ्याच्या पायऱ्या, रुळाच्या तुकड्याची घंटा, सुकडीची रांग, या सगळ्यावर बाकीचे लिहितीलच. मी फक्त पहिली-दुसरीच्या बाईंवर लिहिणार आहे. नाव लिहीत नाही. नुसतं ‘बाई’ म्हटलं तरी आपल्यापैकी कुणालाच दुसरं कुणी आठवत नाही.

मी पहिलीत आलो तो जून १९८१. पहिली-दुसरी एकाच खोलीत, पट पन्नासच्या वर, आणि पाऊस असा की छपरावरचा आवाज आणि आमचा आवाज यांत चढाओढ लागायची. शेजारच्या खोलीत निगडीची शिमटी होती. तिचा सपकारा आणि पाठोपाठ रडणं आमच्याकडे ऐकू यायचं. अंगठे धरणं, कोंबडा, बाकावर उभं राहणं हे सगळं तेव्हा शाळेत असायचंच, त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. आमच्या आजीने मला शाळेत घालताना बाईंना बजावलं होतं, “मारून शिकवा, हाडं तेवढी शिल्लक ठेवा.” बाई हसल्या होत्या फक्त. महिनाभराने आजी आईला म्हणाली, “या बाईला मारताच येत नाय वाटतं. पोरगं काय शिकायचं नाय.”

बाईंचा हात कुणाच्या अंगावर पडलेला मी तरी पाहिला नाही. आवाजही चढलेला आठवत नाही. गोंगाट वाढला की त्या आवाज खाली आणायच्या. गोष्ट चालू असेल तर ऐन वाघ गुहेतून बाहेर पडायच्या वेळी त्या जवळजवळ कुजबुजायच्या, आणि पुढच्या रांगेतली पोरं मागच्यांना कोपरानं ढोसून गप्प करायची. दुसरी खूण टाळ्यांची. दोन सावकाश, तीन भरभर. ऐकू आल्या की आम्हीही तशाच वाजवायच्या. तिसऱ्या वेळेला सगळ्यांचे हात टाळीत गुंतलेले असायचे आणि तोंडं बंद. आजही लग्नात वगैरे कुणी तशा टाळ्या वाजवल्या तर माझं बोलणं अर्ध्यावर थांबतं.

‘पळू नका’ हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत. त्या म्हणायच्या, “ओल्या पडवीतून बदकासारखं चालायचं.” ‘पाट्या वाजवू नका’ असं म्हणण्याऐवजी त्या इकडे तिकडे बघत म्हणायच्या, “पाटी मांडीवर आणि पेन्सिल खिशात, असे मला सहा जण दिसतात. आता नऊ. आता तर मोजता येईनात.” नावं घेत नव्हत्या. प्रत्येकाला वाटायचं, त्या सहांत आपण होतोच.

एखादा फारच बिथरला, कुणाला चावला, दप्तर भिरकावलं, तर त्याला पडवीच्या पायरीवर बसवायचं आणि हातात पाच सागरगोटे द्यायचे. शिक्षा म्हणून तिथे कुणी बसत नसे. बाई त्याच्यासमोर उकिडव्या बसायच्या, त्याच्या डोळ्याला डोळा येईल इतक्या खाली, आणि म्हणायच्या, “राग उतरला की ये. तुझी जागा राखून ठेवलीय.” किती वेळ बसायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. मी एकदा अर्धा तास बसलो होतो. राग पाच मिनिटांतच उतरला होता, पण सागरगोटे चांगले जमायला लागले होते.

आता बरणीचं सांगतो, कारण लिहायला बसलो तो खरं म्हणजे तिच्यासाठीच.

फळ्याखालच्या कोनाड्यात लोणच्याची एक काचेची बरणी होती, हे आपल्याला आठवत असेल. वर्गात काही चांगलं घडलं, म्हणजे कुणी सरकून दुसऱ्याला जागा दिली, दुसरीतल्याने पहिलीतल्याचा ‘क्ष’ गिरवून घेतला, सगळ्यांच्या चपला रांगेत लागल्या, की बाई काही न बोलता बरणीत एक चिंचोका टाकायच्या. खण्ण. बरणी अख्ख्या वर्गाची. शंभर झाले की सगळा वर्ग पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, जायचा, खेकडे बघायला. आणि नियम एकच होता. एकदा पडलेला चिंचोका परत निघत नाही. कुणी कितीही दंगा केला तरी आधीचं चांगलं वजा होत नसे. शाळा सुटताना एक मुलगा मोजायचा आणि आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा.

मी दुसरीत होतो. आकडा ४३ वर रेंगाळत होता, आणि मला पऱ्यावर जायची घाई. आमच्या घरी चिंचोक्यांची काय कमी? दुपारच्या सुट्टीत, सगळे सुकडीला गेलेले असताना, मी मोजून वीस चिंचोके बरणीत सोडले. मोजून, कारण वीसपर्यंतच्या आकड्यांवर माझा भरवसा होता. नंतर सुकडी घशाखाली उतरेना.

संध्याकाळी मोजणी झाली. माझ्या हिशेबाने ६३ यायला हवे होते. निघाले ५१.

बाईंनी फळ्यावर ४३ च्या शेजारी ५१ लिहिलं. हातच्याची वजाबाकी त्याच आठवड्यात शिकवली होती, ती आम्हा दुसरीवाल्यांकडून करून घेतली. आठ. “आज मी एकही टाकला नाही,” बाई म्हणाल्या, “आणि बरणीला काही चिंचेच्या झाडावर चढता येत नाही. कुणाला याबद्दल मला काही सांगावंसं वाटलं, तर उद्या घंटेच्या आधी झाडांना पाणी घालायला या. मी असेन.” एवढंच. ‘कोण तो, उभा राहा’ नाही, दमदाटी नाही. लगेच प्रार्थना आणि सुट्टी.

रात्रभर मला चोरीपेक्षा गणिताने जास्त छळलं. वीस टाकले तर आठच का वाढले?

सकाळी गेलो तर झाडांपाशी आणखी एकजण उभा. तो भाजलेले चिंचोके खायचा. त्या दिवशी मधल्या वेळेत त्याने बरणीतून पंधरा काढून खिशात घातले होते. त्याचं नाव मी लिहीत नाही, तो या स्मरणिकेच्या समितीवर आहे. बाईंनी आम्हाला काही विचारलं नाही. एकेक डबा हातात दिला. अर्धी जास्वंद भिजेपर्यंत आम्ही दोघांनी आपापलं सगळं ओकून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि मातीत काटकीने गणित मांडायला लावलं. ४३, त्यात २० मिळवले, ६३. पंधरा गेले, ४८. आणि बरणीत तर ५१.

तीन जास्तीचे होते. ते कुठून आले ते आम्हा दोघांनाही सांगता येईना. मला वाटलं आता चौकशी लागणार. बाई म्हणाल्या, “ते राहू दे. आता सांगा, पडलेला चिंचोका काढायचा नाही असं ठरलंय. मग हे आठ खोटे चिंचोके खरे कसे करायचे?”

आम्ही बराच वेळ विचार केला. शेवटी त्याच्याच डोक्यातून निघालं. आठ चांगली कामं करायची, कुणी न सांगता. पुढचा आठवडाभर आम्ही माठ भरला, पहिलीतल्यांच्या पेन्सिलींना टोक काढून दिलं, एकाला ताप आला तर त्याचं दप्तर पार वाडीवर पोचवलं. बाई बघायच्या, बरणीत मात्र काही टाकत नव्हत्या. कुणाला काही कळलं नाही. आठवं काम झालं त्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांकडे बघून फक्त मान हलवली. नंतर पऱ्यावर गेलो, खेकडे पाहिले, पण आज ते खेकडे आठवत नाहीत. मान हलवलेली आठवते.

बाईंना हे सगळं कुठून सुचत होतं, कोण जाणे. कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याविषयी त्या फार बोलायच्या. १९८५ मध्ये अनुताईंना पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्ही चौथीत होतो. वर्तमानपत्रातला फोटो कापून बाईंनी पडवीच्या भिंतीला चिकटवला होता आणि आम्हाला बोलावून कोसबाडच्या कुरणशाळेची हकिगत सांगितली होती. गुरं राखायला जाणारी पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची. आमच्या वर्गातही एकजण गुरांमुळे दोन-दोन दिवस गायब असायचा आणि आला की दांडगाई करायचा. बाईंनी त्याला घंटा वाजवायचं काम दिलं. घंटा चुकायला नको म्हणून तो आमच्या सगळ्यांच्या आधी शाळेत हजर राहू लागला.

माझ्याविषयी सांगायचं तर एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून पुष्कळ वर्षं झाली. गणपतीच्या दिवसांत स्टँडवर काय उसळतं ते आपण जाणताच. नवीन पोरं माईकवर ओरडतात, “गर्दी करू नका! दारात चढू नका!” कुणी ऐकत नाही. मी माईक घेतो, आवाज उतरवतो आणि सांगतो, “बोरिवली गाडी पाच चाळीसला तीन नंबरला लागतेय, पिशव्या खाली ठेवून डाव्या बाजूला उभे असलेले मला दहा-बारा लोक दिसतायत, बरं वाटलं.” लोक हसतात, आणि पिशव्या खाली ठेवतात. दोन वर्षांपूर्वी विभागाने प्रशस्तिपत्र दिलं. साहेबांनी विचारलं, हे कुठे शिकलात. मी म्हटलं, पहिलीत. त्यांना ती गंमत वाटली.

घरी मात्र मी बाईंचा शिष्य ठरलो नाही. मुलगा लहान असताना दोनदा हात उगारला आहे, आणि त्याला ते दोन्ही प्रसंग आठवतात. मला वाटलं होतं तो विसरला असेल.

आता काळ बदलला म्हणतात. माझी पुतणी डी.एल.एड. करून ठाणे जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका झाली. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्याच्या १७ व्या कलमात मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायलाही मनाई आहे, हे तिने मला सांगितलं. “मारायचं नाही हे कळलं काका,” ती म्हणते, “पण छत्तीस पोरं एकदम उठली की करायचं काय, ते कोण सांगणार?” मी तिला बरणी सांगितली. तिने आणली. चिंचोके मिळेनात म्हणून राजमा टाकते.

पण भाच्याच्या शाळेत भिंतीवर मोठा तक्ता पाहिला. प्रत्येकाचं नाव, पुढे चांदण्या. कुणाला अकरा, कुणाला दोन. दंगा केला की चांदणी सगळ्यांसमोर काढून घेतात. भाचा खालून दुसरा होता. सहा वर्षांचं पोर मला म्हणालं, “मामा, मी वाईट मुलांमध्ये आहे.” तिथल्या शिक्षिका कष्टाळू आहेत, मुद्दाम कुणी करत नाही, तरी मला त्या तक्त्याखाली उभं राहवेना. आमच्या बरणीत कोणता चिंचोका कुणाचा, हे बाईंनासुद्धा सांगता आलं नसतं.

आपल्या शाळेचा पट आता किती उरलाय ते लिहीत नाही, सभेत कळेलच. कोनाडा बुजवून तिथे टीव्ही बसवलाय. वाईट नाही, पण कोनाडा ठेवला असता तरी चाललं असतं.

हे लिहायच्या आधी बाईंना फोन केला. लेकीकडे असतात, ऐकू कमी येतं. ओळख पटायला वेळ लागला, पण चिंचोके म्हटल्याबरोबर हसल्या. मी विचारलं, “बाई, ते वरचे तीन कुणाचे होते?”

“ती शनिवारी आली होती रे,” म्हणाल्या. “तुमच्यानंतर. तिने तिची तीन कामं वेगळी केली.”

“मग आम्ही आठ का केली? आमची तर पाचच होत होती.”

“हो. म्हणजे तुमचे तीन माझ्याकडे निघतात.”

मी तिचं नाव विचारलं.

“ते तुला रे कशाला?” म्हणाल्या, आणि मुलं कशी आहेत ते विचारू लागल्या.