सतरा नंबरचं किट : आमच्या बॉडी वर्कशॉपची वाटचाल

लातूरला बार्शी रोडवर आमचं बस बॉडीचं वर्कशॉप आहे, चालू केलं १९९८ ला, मी आणि वस्ताद. पोरगी मागं लागली की पप्पा वाटचाल लिहा वाटचाल लिहा, म्हणून लिहायला बसलोय, शुद्धलेखन बघू नका.

मी आयटीआय करून चिकलठाण्याला एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत अप्रेंटिस होतो. पत्रा, रिव्हेट, खिडकीचं चॅनेल, अँगल कापणं हे सगळं तिथं शिकलो, पण वेल्डिंग खऱ्या अर्थानं शिकवलं ते वस्तादनी. त्यांच्याकडं तीन गोष्टी होत्या, एक पितळी ओळंबा, एक गुण्या जो ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, आणि नंबर पंचचा लाकडी डबा. आमच्या हातून जी वस्तू बाहेर जाईल, सीटचा पाय असो का दाराची बिजागरी, त्याच्यावर हातोड्यानं नंबर मारायचा. मी म्हणायचो वस्ताद कशाला टाइम घालवता, कोण बघतंय. ते म्हणायचे, पेंट उडतो, बिल हरवतं, पंच राहतो. हा पंच पुढं कामाला आला, सांगतो.

मधली पंधराएक वर्षं सोडून देतो. काम होतं, पोरं शिकली, शेडवर पत्रे पडले, संपलं. टाटाची १५१२ चेसी, म्हणजे इंजिन-चाकांसकट नुसता सांगाडा, आली की पूर्ण बॉडी उभी करायचो, नंतर बॉडी कोड आला, म्हणजे बस कशी बांधायची याचे सरकारी नियम, टेस्ट, अप्रूव्हल, एक्रेडिटेशन, हे आमच्यासारख्या दहा माणसांच्या शेडला झेपणारं नव्हतं, मग नवीन बॉडी बंद केली आणि जुन्या गाड्यांचं सीट, दार, फ्लोअर, पायऱ्या एवढंच धरलं. वाईट वाटलं पण कोड चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, काय काय बॉड्या लोकांनी बांधल्यात ते मी आतून पाहिलंय.

आता औशाचे अण्णा. तीन गाड्यांचे मालक, यात्रेच्या ट्रिपा मारायचे, तुळजापूर, परळी, औंढा, पंढरपूर. पहिल्या वर्षापासून आमचं गिऱ्हाईक आणि आजपर्यंत पाच पैसे बुडवले नाहीत, उशीर करतात, बुडवत नाहीत. एकदा आले आणि गाडीच्या दारात उभं राहून म्हणले, "काय करलालाव तुम्ही एवढ्या वर्षांपासून, माझी माय माझ्याच गाडीत चढंना झाली." टेप लावला. जमिनीपासून पहिली पायरी १७ इंच. गुडघे गेलेल्या बाईला १७ इंच म्हणजे भिंत. आम्ही इतकी वर्षं पायऱ्या बांधत होतो आणि एकदाही कुणाच्या गुडघ्याकडं पाहिलं नव्हतं, खरं सांगतो.

त्याच्या खाली घडी होणारी पायरी केली, ८ इंचावर. पहिली मुरुडच्या स्पीडब्रेकरला तुटून राहिली, क्लीनर पोत्यात घालून घेऊन आला. दुसरीला १६ एमएमची पिन आणि रिक्षाची स्प्रिंग लावली, आणि बिजागरी अशी फिरवली की खालून काही लागलं तर पायरी मागं दुमडते, तुटत नाही. ज्यांना करायचंय त्यांनी हे लक्षात ठेवा, पायरी कधी घट्ट बांधू नका, तिला पळायला जागा द्या. आणि पायरीच्या कडेला पिवळी पट्टी मारा, सिल्व्हर नको, संध्याकाळी सिल्व्हर आणि रस्ता एकच दिसतं. माय चढल्या. त्या वर्षी अण्णांनी बिलावर पाचशे रुपये जास्त ठेवले, मी परत दिले, तेही घेईनात, शेवटी वस्तादनी चहावाल्याची उधारी भागवली.

आता नियमाचं. दिव्यांगांचा जुना कायदा १९९५ चा होता, त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नवीन आला २०१६ चा, एप्रिल २०१७ पासून लागू, त्यात एकवीस प्रकार. त्याच्यात वाहतुकीचं कलम ४१, त्यात लिहिलंय की जुन्या गाड्यांमधीपण सोय करायची, पण जिथं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, सुरक्षित आहे, परवडतंय आणि रचनेत मोठा बदल करावा लागत नाही तिथं. हे "परवडतंय" आमच्या धंद्यातल्या प्रत्येक एजंटला पाठ आहे, बाकीचं कलम कुणाला माहीत नाही.

मग २७ डिसेंबर २०१९ ला केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचं नोटिफिकेशन निघालं. बसमधी राखीव सीट, तिथं चिन्ह, कुबडी काठी वॉकर बांधायची जागा, धरायला दांडे, सीटजवळ बटण, आणि व्हीलचेअर आत घ्यायची, ठेवायची आणि लॉक करायची सोय. आरटीओकडं फिटनेसला, म्हणजे पासिंगला, गाडी आली की हे बघायचं. लागू कधी, तर १ मार्च २०२०.

मी ते वाचलं आणि माझ्या डोक्यात भूत शिरलं. म्हणलं आता जिल्ह्यातल्या प्रत्येक ट्रॅव्हल्सला, प्रत्येक स्कूल बसला हे लागणार, आणि आपल्याला पायरीचा अनुभव आहे. बायकोच्या पाटल्या ठेवून गोल्ड लोन काढलं आणि व्हीलचेअर लॉक करायचे चाळीस किट बनवले. एका किटमधी चार रॅचेट बेल्ट (खटका मारून आवळायचे), बेल्ट अडकवायला फ्लोअरवर बसणाऱ्या चार प्लेटा, माणसाचा वेगळा बेल्ट. प्लेटा ६ एमएमच्या, प्रत्येकीवर नंबर, १ ते ४०, वस्तादनी स्वतः मारले. तोपर्यंत त्यांच्या डोळ्यांचा कारभार आटोपत आला होता, तीस वर्षं आर्क बघून दुसरं काय होणार, बोटानं चाचपून मारायचे पण ओळ वाकडी नाही गेली.

तीन किट अण्णांनी घेतले. एक मार्च उजाडला. २४ च्या रात्री लॉकडाऊन. पुढचं काय सांगायचं, सगळ्या गाड्या नॉनयूजला टाकल्या, म्हणजे गाडी बंद आहे असं आरटीओला लिहून दिलं, रिंग रोडच्या शेतात रांगेनं उभ्या, टायरातनं गवत वर आलेलं मी पाहिलंय. सदतीस किट रॅकवर. बँकेचा फोन दर सोमवारी, अगदी वेळेवर, एवढा वेळेवर तर आमचा वेल्डर कधी आला नाही. दहातली सहा पोरं गावाकडं गेली. त्या दिवसात आम्ही कोविड सेंटरच्या खाटा आणि सलाइनचे स्टँड केले, सीटच्या पाइपाचेच, त्यावर दोन वेळचं निघालं. दोनदा शेड विकायला काढलं, दोनदा अण्णा येऊन बसले, पैसे त्यांच्याकडंपण नव्हते, नुसते बसायचे. पाटल्या २०२३ ला सुटल्या. एक गोष्ट सांगतो, नियमाच्या भरवशावर कधी माल भरू नका, नियम कागदावर लागू होतो आणि गिऱ्हाईक वेगळ्याच तारखेला लागू होतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते. गाड्या परत चालू झाल्यावर आमच्याच रोडला दुसऱ्यानं शेड टाकलं, नाव घेत नाही, घ्यायची गरजपण नाही. त्याचा रेट माझ्या एक तृतीयांश. मला कळंना की एवढ्यात तर बेल्टपण येत नाहीत, मग हा देतो काय? तो देत होता स्टिकर. निळ्या रंगाचं व्हीलचेअरचं चिन्ह, चार पिवळे पट्टे आणि दोन स्क्रूवर एक दांडा. आणि लॉक? लॉक भाड्यानं. पासिंगच्या सकाळी बसवायचं, दुपारी काढून दुसऱ्या गाडीला.

हे मला कसं कळलं तर, एक एजंट माझ्याकडून "शेठ एक किट सँपलला द्या, पार्टीला दाखवतो" म्हणून घेऊन गेला होता. पावती नाही, काही नाही, मीच बावळट. सहा महिन्यांनी मी एका स्कूल बसच्या पासिंगला गेलो होतो, शेजारी एक ट्रॅव्हल्स उभी, आत डोकावलो तर फ्लोअरवर प्लेटा. त्यांच्यावर ताजा सिल्व्हर पेंट, अजून वास येत होता. ठेवण ओळखीची वाटली म्हणून खाली बसलो आणि अंगठा फिरवला. पेंटच्या खाली एक आणि सात. सतरा. आणि बसवलं कसं, तर चार भोकं आणि दोनच बोल्ट, तेपण नुसत्या १२ एमएम प्लायमधी. जोरात ब्रेक लागला तर बेल्ट, प्लेट, खुर्ची आणि माणूस सगळे एकदम ड्रायव्हरच्या पाठीवर. मी तिथं बोललो. मोठ्यानं बोललो. जमलेले लोक हसले, एक जण म्हणला काका तुमचं दुकान चालंना म्हणून ओरडायलाव का. गाडी पास झाली.

त्या रात्री जेवलो नाही. वस्तादला सांगितलं तर ते पहिलं काय म्हणले, तर "नंबर वाचता आला ना?"

लॉकबद्दल सांगून टाकतो, कुणाच्या तरी उपयोगाला येईल. प्लेट प्लायला कधी लावायची नाही, खाली चेसीचा क्रॉस मेंबर, म्हणजे आडवी पट्टी, शोधा, नाही सापडला तर ४० बाय ४० चा पाइप आडवा टाका आणि त्याला धरा. दोन बेल्ट पुढं दोन मागं, खुर्चीच्या फ्रेमला, चाकाला नाही. चाकाला बांधणारे मी पाहिलेत. लांबच्या गाडीत खुर्चीचं तोंड पुढं. प्लायच्या कापलेल्या कडेला प्रायमर मारा, नाहीतर एका पावसाळ्यात फुगून बोल्ट हलायला लागतो.

ऑपरेटरची बाजू मला कळत नाही असं नाही, माझं पोट त्यांच्यावरच आहे. खुर्चीच्या जागेपायी दोन-तीन सीट जातात, आणि टॅक्स, हप्ता, डिझेल सगळं बाकीच्या सीटांनी ओढायचं. एसटी दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत देते, मग तो माणूस खाजगी गाडीकडं येईल कशाला, असं ते विचारतात. आणि रॅम्प? शहरातल्या लो फ्लोअर बसचं फ्लोअर ४०० मिलिमीटरवर असतं, तिथं घडीचा रॅम्प टाकला की झालं. आपल्या ट्रॅव्हल्सचं फ्लोअर साडेतीन फुटावर. इमारतीचा १:१२ चा उतार धरला तर रॅम्प लागतो ४२ फूट आणि अख्खी गाडीच १२ मीटर म्हणजे ४० फुटाला कमी. शिवाय गाडी थांबते कुठं, तर पानटपरीसमोर गिट्टीत, ना फूटपाथ ना फलाट. म्हणजे लिफ्ट बसवा, ती लाखाच्या घरात जाते, आणि गिट्टीत खुर्चीचं चाक रुततं ते वेगळंच. नियम गाडीला आहे, टपरीला नाही.

मग आम्ही मधला मार्ग काढला. व्हीलचेअर मोजली, बाहेरून बाहेर २६ इंच. दार २४, सीटांमधली वाट १४. म्हणून १३ इंच रुंदीची बारीक खुर्ची केली, चार इंची चाकं, मागं दोन हँडल, पहिल्या सीटचा हात वर उचलला जाईल असा केला, माणूस बारीक खुर्चीवरून सीटवर सरकतो आणि त्याची खुर्ची डिकीत बांधून जाते. मला वाटलं लै भारी काम झालं. अण्णांच्या गाडीत पहिली आली ती देगलूरकडची एक पोरगी, नीटच्या क्लाससाठी लातूरला होती, सुट्टीला घरी चालली होती. दोघा क्लीनरनी तिला उचलायला हात घातले तर ती म्हणली, "काका, थांबा. मला पोत्यासारखं उचलू नका, आधी विचारा कुठं धरायचं." मी तिथंच होतो. तिनं सांगितलं तसं धरलं, दीड मिनिटात बसली. सगळं मोजलं होतं मी, इंचात, हेच तेवढं राहिलं होतं. तेव्हापासून किटसोबत क्लीनरला अर्धा तास शिकवणं फुकट देतो, ऑपरेटर कंटाळतात, तरी देतो.

खोटं सांगणार नाही, चार वर्षांत अण्णांच्या तिन्ही गाड्यांत मिळून व्हीलचेअरवाले सात आले. सातच. पण घडीच्या पायरीवर दर ट्रिपला निम्मी गाडी पाय ठेवते, त्याचा हिशोब कुणी धरत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांच्या सोयीचे, नियम नुसते सल्ल्यासारखे चालणार नाहीत, काही गोष्टी सक्तीच्या करा, सरकारला तीन महिने दिले. ते वाचून तीन ऑपरेटरचे फोन आले. तिघांनी एकच विचारलं, "शेठ, भाड्यानं आहे का?"

चाळीसपैकी एकतीस किट गेले, आठ रॅकवर आहेत. वस्ताद आता कामाला येत नाहीत, सकाळी येऊन बसतात, नवीन दांडा झाला की हात फिरवून बघतात आणि वेल्डची कुसळं राहिली असली की पोरांना आईवरून नाही पण जवळपास तिथपर्यंत बोलतात.

सतरा नंबर अजून परत आलेलं नाही. त्या एजंटाला चार वेळा फोन केला, दोनदा उचलला. लातूर, नांदेड, धाराशिव कुठं पासिंगला गेलात आणि फ्लोअरवर सिल्व्हर मारलेल्या चार प्लेटा दिसल्या तर खाली बसून अंगठा फिरवून बघा. आमचं असलं तर बोल्ट मोजा आणि मला कळवा.